मेमरी कोरी राहिली पाहिजे

त्या घरात नवीन वस्तू आणायची पद्धत होती, वापरायची नव्हती.

सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. त्यावर बसलं की ते असं काही वाजायचं, की पाहुणे ओशाळून आपणहून खुर्चीत जाऊन बसायचे आणि सोफा आणखी नवा राहायचा. टीव्हीच्या रिमोटला पिशवी होती, पिशवीला रबरबँड होतं, आणि ते तुटलंच तर असावं म्हणून दुसरं रबरबँड कपाटात होतं, कोरं. प्रवासाच्या बॅगेला कव्हर होतं. ते मळू नये म्हणून त्यावर जुन्या चादरीचं आणखी एक कव्हर होतं. आणि या सगळ्याला धक्का लागू नये म्हणून घरातलं कोणी प्रवासालाच जात नव्हतं. काचेच्या कपाटात कपांचा एक सुंदर संच होता. घरातले लोक कान तुटलेल्या कपांतून चहा प्यायचे आणि पिता पिता त्या संचाकडे बघायचे. तो चांगल्या प्रसंगासाठी ठेवला होता. मधल्या काळात ताईला नोकरी लागली, बाबा निवृत्त झाले, आईचं मोठं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, पण यातला एकही प्रसंग कपांच्या तोडीचा निघाला नाही.

हा सगळा बाबांचा कारभार. बाबांनी जन्मभर काचसामानाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात काम केलं होतं. आपल्या हातून बांधून गेलेला एकही ग्लास फुटला नाही, असं ते अभिमानानं सांगत. ते ग्लास उघडणाऱ्यांचं पुढं काय झालं, ते मात्र कधीच कळलं नाही. चिकटपट्टी त्यांना कात्रीशिवाय, नुसत्या अंगठ्याच्या नखानं, आखल्यासारखी सरळ फाडता येत असे.

घरात अंगठ्याची कला अवगत असलेला आणखी एकच इसम होता. धाकटा.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा मुलगा. वय लग्नाचं, मिळकत शाळकरी मुलाची, आणि आत्मविश्वास त्या दोन्हींच्या मधला. त्याची कला पायाच्या अंगठ्यात होती. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड होता, आणि चेहऱ्यावरची माशीही न हलवता धाकट्याला त्या बोर्डाचं बटण पायाच्या अंगठ्यानं बंद करता येत असे. ही कला त्यानं दोनदा वापरली होती, आणि दोन्ही वेळा मुलाखत चालू असताना.

मुलाखत होती ती एका हेल्पलाइनच्या कंपनीची. ज्यांचे कॉम्प्युटर बिघडलेत अशा लोकांचे फोन घ्यायचे, त्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचं, आणि 'बंद करून परत चालू करा' हे वाक्य दर वेळी नुकतंच सुचल्यासारखं म्हणायचं. धाकट्याचं शिक्षण या कामाला पुरून उरणारं होतं. कमी पडत होता तो स्वतः.

पहिल्या खेपेला पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, "स्वतःबद्दल थोडं सांगा." धाकट्याच्या डोळ्यांसमोरून स्वतःचं आयुष्य सरकून गेलं. त्याला फार वेळ लागला नाही. पुढं काय बोलावं या विचारात तो असताना अंगठा आपलाआपण हलला आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या खेपेला मॅडमनी विचारलं, "तुमच्यातली एखादी उणीव सांगाल?" 'एखादी' या शब्दावर तो अडला. निवड करता येईना. पुन्हा अंगठा, पुन्हा अंधार.

दोन्ही वेळा तो खोलीबाहेर आला आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "हँग झाला."

"हँग म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे कॉम्प्युटरला झेपलं नाही."

"मला वाटलं तुलाच," ताई म्हणाली. ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दिवसभर लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगत असल्यामुळे दुसऱ्याचं खोटं तिला लांबून ओळखू यायचं.

बाबांनी मात्र गोष्ट मनावर घेतली. "का झेपत नाही त्याला?"

धाकट्यानं जाणकाराचा चेहरा केला. "रॅम कमी पडते, बाबा. मेमरी. म्हणजे कसं, कामाचं टेबल असतं ना? ते लहान आहे. वर सामान मावत नाही."

"टेबल लहान असलं की वस्तू खाली पडतात," बाबा म्हणाले. "फुटतात." कारखान्यातल्या कितीतरी टेबलांची दुःखं त्यांच्या डोळ्यांत उभी राहिली. त्यांना हे इतकं पटलं, की त्यांच्याकडे बघून क्षणभर धाकट्यालाही पटलं.

नाचता येईना, अंगण वाकडं, ही म्हण लहान मुलांनाही पाठ असते. पण म्हण तिथंच संपते. नाचणाऱ्याचा बाप ते खरं मानून फावडं घेऊन अंगण सरळ करायला निघाला तर काय करावं, याबद्दल पूर्वजांनी काहीही सांगून ठेवलेलं नाही.

बाबा फावडं घेऊन निघाले. म्हणजे ताईकडून कॉम्प्युटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून घेतला आणि कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर जुना, ताई कॉलेजात असताना घेतलेला. दुकानदारानं खणाच्या तळाशी हात घालून त्याला चालणाऱ्या मेमरीच्या दोन पट्ट्या शोधून काढल्या आणि म्हणाला, "काका, जुन्या काढायच्या, या दाबून बसवायच्या. मुलगा करेल तुमचा." बाबा म्हणाले, "करेल म्हणजे काय, त्यातलाच आहे तो."

इकडे कंपनीचाही निरोप आला. कॉम्प्युटर बिघडलेल्या माणसाला हाकलून देणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यांनी तिसरी संधी दिली होती, 'शेवटची' या शब्दासकट. चांगल्या कॉम्प्युटरवर बसावं, अशी सूचनाही होती. परवा, सकाळी अकरा वाजता.

म्हणजे परवा कॉम्प्युटर चालणार होता. मुलाखत होणार होती. आणि ती बिघडली, तर बिघडलेली वस्तू कोणती हे सगळ्या घराला स्वच्छ दिसणार होतं. 

बाबांनी जेवणाच्या टेबलावर पट्ट्या मांडल्या. हिरव्या, बोटभर लांबीच्या, पाठीवर काळे चौकोन, आणि खालच्या कडेला ओळीनं सोनेरी दात.

"सोन्याचे दात," ताई म्हणाली. "आमच्याकडे एका आजोबांचे आहेत. पण ते इतके हसत नाहीत."

"खरं सोनं आहे?" आईनं विचारलं.

इथं धाकट्यानं गप्प बसायला हवं होतं. पण माहिती असणं आणि गप्प बसणं या दोन गोष्टी त्याला एका वेळी कधीच जमल्या नव्हत्या. "मुलामा असतो," तो म्हणाला, "पण खऱ्या सोन्याचा."

 बाबांनी पट्ट्यांखाली हळूच स्वच्छ रुमाल सरकवला.

"मग ठेवा कपाटात," आई म्हणाली. "चांगला प्रसंग बघून बसवू."

"परवा मुलाखत आहे त्याची."

आईनं धाकट्याकडे पाहिलं. हा प्रसंग म्हणावा का, याचा तिनं खरोखर विचार केला. "बघा बाई," ती शेवटी म्हणाली.

"तोवर माझ्याजवळ राहू देत," बाबा म्हणाले, आणि तो रुमाल दोन्ही हातांत धरून आतल्या खोलीत गेले.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी सगळं घर कॉम्प्युटरभोवती जमलं. ताईची दुपारची पाळी होती, त्यामुळे तीही होती. खरं तर सुट्टी टाकूनही ती थांबली असती, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

धाकट्यानं मागची वायर उपटली, स्क्रू काढले आणि डब्याची बाजू उघडली. आत धूळ अशी ठाण मांडून बसली होती, की तिला झटकण्याआधी नोटीस द्यावी लागेल असं वाटलं. मोबाइलवर त्यानं एक व्हिडिओ लावून ठेवला होता. त्यातला माणूस म्हणत होता, की आत हात घालण्यापूर्वी धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. धाकट्यानं खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. डोळे मिटायला व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

"काय रे, बरं वाटत नाहीये का?" आईनं विचारलं.

"अंगातली वीज काढतोय."

"अंगात वीज असती," ताई म्हणाली, "तर राजे, आजवर काही दिवे लावले असतेत तुम्ही."

 धाकट्यानं जुन्या पट्ट्यांचे दोन्ही टोकांचे चाप बाहेर ढकलले, तशा त्या टुणकन वर आल्या. त्या टेबलावर टेकायच्या आत बाबांनी उचलल्या. "जुन्या झाल्या म्हणून काय झालं, चालत्या आहेत," म्हणत ते त्या घेऊन आत गेले. आतून चिकटपट्टीचा चर्र चर्र आवाज येऊ लागला. बाबांचा तो रियाजच होता.

मग आईनं रुमाल पुढं केला आणि नव्या पट्ट्या आल्या. एक डोळा मोबाइलवर, एक डोळा खाचेवर, अशा अवस्थेत धाकट्यानं त्या बसवल्या. जरा घट्ट गेल्या. नव्या आहेत, लाजत असतील, असं म्हणून त्यानं जोर लावला, तसे चाप मिटले. टक्. टक्. त्यानं वायर जोडली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळाच राहिला. आणि डब्यातून एक लांब, दमदार आवाज आला. बीप. थांबला. पुन्हा बीप. पुन्हा थांबला. पुन्हा बीप. ट्रक मागं घेताना वाजतो, अगदी तसा.

आई दोन पावलं मागं सरकली.

"असं नव्हतं हे आधी," बाबा दारातून म्हणाले.

धाकटा गुडघ्यांवर बसून तो आवाज ऐकत राहिला आणि त्याच्या आत काहीतरी हळूहळू, पहाटेसारखं उजळत गेलं. कॉम्प्युटर बंद पडला होता. खराखुरा. साक्षीदारांसमोर. आणि अंगठा तर चपलेत होता! आयुष्यात पहिल्यांदा त्याचं खोटं खरं झालं होतं. नोकरी जाणार होती, पण किती अब्रूनं जाणार होती!

"अरेरे," तो म्हणाला.

"चेहरा पाड की जरा," ताई त्याच्या कानाशी म्हणाली. "सुतकात आल्यासारखा ये, वरातीत आल्यासारखा काय येतोस?"

"जुन्या बसव परत," आई म्हणाली. "आत्तापुरत्या."

हा उपाय इतका साधा होता, की धाकट्याला आईचा रागच आला. पण बाबा जुन्या पट्ट्या घेऊन आले, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बाबांच्या हातात चपलांच्या जोडाएवढा एक खोका होता. सगळ्या बाजूंनी, सगळ्या कडांनी, वर पुन्हा फुलीच्या आकारात चिकटपट्टी. ताईनं सुरी आणली. पहिल्या खोक्याच्या आत वर्तमानपत्र निघालं, वर्तमानपत्राच्या आत कापूस, आणि कापसाच्या आत दुसरा खोका. तोही तसाच.

"बाबा, दोन पट्ट्या होत्या हो!"

"म्हणूनच. एकमेकींवर आपटल्या असत्या."

ताईनं सुरी खाली ठेवली. "हे उघडेपर्यंत याचं निवृत्तीचं वय होईल."

सगळ्यांना दिसावं म्हणून धाकट्यानं प्रयत्नांची पराकाष्ठा करायचं ठरवलं. वायर काढून त्यानं नवी पट्टी पुन्हा बाहेर उपसली, आणि निष्णात वैद्य जशी जीभ बघतो तशी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. सोनेरी दात चमकले. जरा जास्तच चमकले. त्यानं पट्टी तिरपी केली. दातांवरून उजेड पाण्यावरून सरकावा तसा सरकत गेला. त्यानं नख लावून पाहिलं.

चिकटपट्टी होती. पारदर्शक. कडेला कडा अशी जुळलेली, की कापलेली वाटू नये, उगवलेली वाटावी. या बाजूला, त्या बाजूला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. सोनं झिजू नये म्हणून पॅक केलं होतं.

ही कारागिरी कोणाची, हे विचारायची गरज नव्हती.

धाकट्यानं मागं पाहिलं. कोणाला दिसलं नव्हतं. त्यानं पट्टी मुठीत धरली. आता करायचं एवढंच होतं, की काही करायचं नाही. पट्टी पुन्हा खाचेत घालायची. डबा ओरडत राहील. अकरा वाजून जातील. कंपनीला कळवायचं, नवी मेमरीसुद्धा बिघडलेली निघाली, नशीब. आणि मग बाकीचं आयुष्य 'कॉम्प्युटरनं घात केला नसता तर' या वाक्याच्या सावलीत आडवं होऊन काढायचं. सावली दाट होती. आडवं होण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतंच.

तेवढ्यात दाराशी खुडबुड ऐकू आली. बाबा चपला घालत होते. घाईत उजवी डावीत गेली होती.

"कुठं निघालात?" आईनं विचारलं.

"दुकानात. माझ्याच पट्ट्यांत खोट निघाली म्हणायची." ते खिसे चाचपत होते. "त्यानं साधं सांगितलं होतं, रॅम कमी पडते. मी जाऊन काय आणलं? दुकानदाराला विचारून पारखून घ्यायचं ना. जुनं होतं ते निदान चालत तरी होतं. पोराची शेवटची संधी होती, आणि माझ्यामुळे..." ते धाकट्याकडे बघायचं टाळून म्हणाले, "दुसरा कोणी असता तर बोलला असता मला. हा एक शब्द बोलत नाही."

एक शब्द न बोलणारा तो पुण्यात्मा खिडकीशी मूठ आवळून उभा होता. मुठीत पट्टीचे कोपरे टोचत होते. त्यानं बाबांच्या पायांकडे पाहिलं. ज्या माणसाच्या हातून आयुष्यात एक ग्लास फुटला नाही, तो उलट्या चपला घालून, आपल्या हातून मुलगा फुटला असं समजून, दुकानदाराशी भांडायला निघाला होता. आणि बाबांना भांडता येत नव्हतं. तिथं जाऊन त्यांनी दुकानदाराचीच माफी मागितली असती.

अकराला फार वेळ उरला नव्हता. लबाडी करायची तर हीच वेळ होती, आणि धाकट्यानं ती हातची घालवली.

"बाबा," तो म्हणाला, "यावर टेप लावलीत तुम्ही?"

"हो," बाबा म्हणाले. "सोनं आहे ना ते. खाचेत घासून झिजलं असतं."

"त्या सोन्यातूनच वीज जाते, बाबा."

बाबांनी यावर विचार केला. "एवढं सोनं, आणि उघडं टाकतात?"

"उघडंच टाकतात."

"कमाल आहे," बाबा म्हणाले, आणि जगात पॅकिंगची किंमत कोणाला उरली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे पट्टी चांगली आहे?"

"चांगली आहे."

"म्हणजे चूक माझी."

"चूक नाही हो," धाकटा म्हणाला. "पॅकिंग चांगलं झालं, एवढंच."

मग धावपळ झाली. कारखान्यातली चिकटपट्टी, ती निघणाऱ्यांच्या जातीतली नव्हती. धाकट्याची नखं हरली. शेवटी ताई पुढं झाली, "सरक, दात माझं खातं आहे," म्हणाली, आणि एकेका दातावरून तिनं ती सोलून काढली. मागं चिकटा राहिला. व्हिडिओतला माणूस म्हणाला, पेन्सिलीच्या रबरानं हलकेच घासा. आईनं कपाटातून रबर आणलं. ते धाकट्याच्या शाळेतलं होतं, कागदी वेष्टनासकट, कोरं. ते फाडताना तिच्या मनाला किती यातना झाल्या, ते ती बोलली नाही. फक्त तोंड फिरवलं.

पट्ट्या बसल्या. या वेळी अलगद. आईनं बटण दाबलं, आणि पडदा उजळला. लगेच. एरवी बटण दाबून आई चहाचं आधण ठेवायची, चहा पिऊन कप विसळायची, तेव्हा कुठं हा डबा डोळे उघडायचा. आज तिचा हात बटणावरून निघतोय तोवर सगळं तयार होतं.

"झालं?" आई संशयानं म्हणाली. "बंद करून परत लाव. काहीतरी राहिलं असेल."

"ही तर याच्याऐवजी नोकरीला लागेल," ताई म्हणाली.

अकराला मॅडम पडद्यावर आल्या. मॉनिटरची संरक्षक फिल्म कधीच काढली नव्हती आणि तिच्यात मधोमध एक बुडबुडा होता, त्यामुळे मॅडमच्या गालाला कायम सूज असे. धाकट्याला तिचीही आता सवय झाली होती. त्याच्या मागं, पडद्यात दिसू नये अशा बेतानं, दाराआड सगळं घर श्वास रोखून उभं होतं. आईचा एक कोपर दिसत होता.

"आज कॉम्प्युटर ठीक आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम. नवी रॅम घातली. मीच घातली." हे शेवटचं विचारलेलं नव्हतं.

स्वतःबद्दल तो बोलला. थोडकंच, पण मागच्यापेक्षा जास्त. उणिवांपैकी त्यानं आळस निवडला, कारण बाकीच्या आठवायचा कंटाळा आला. मॅडम काहीतरी टिपत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही म्हणालात ना, नवी रॅम घातली. त्यावरच विचारते. ग्राहकाचा फोन आलाय. तो म्हणतो, नवीन रॅम बसवली आणि आता कॉम्प्युटर नुसता बीप बीप करतोय. पडदा काळा. तुम्ही त्याला पहिला प्रश्न काय विचाराल?"

धाकट्याचं डोकं पडद्यासारखं काळं झालं. व्हिडिओतल्या माणसानं बरंच काही सांगितलं होतं. खाच, चाप, जात, क्रम. त्यातलं एकही अक्षर जागेवर नव्हतं. मॅडम वाट बघत होत्या. दाराआड सगळं घर वाट बघत होतं. टेबलाखाली धाकट्याचा पाय चपलेतून हळूच बाहेर आला, आणि जुन्या वाटेनं, अंधारात, आपल्या बटणाकडे निघाला.

बटणाच्या जागी काहीतरी गुळगुळीत लागलं. अंगठा घसरला. त्यानं पुन्हा चाचपलं. मलमाच्या डबीचं झाकण होतं ते, बटणावर पालथं घातलेलं, आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी. सरळ. सुरकुती नाही. बुडबुडा नाही.

अंगठ्यानं कड शोधली. त्या चिकटपट्टीला कड नव्हतीच.

"ऐकू येतंय ना?" मॅडम म्हणाल्या. "पहिला प्रश्न?"

धाकट्यानं पाय मागं घेतला. पळायला वाट नसली की माणूस जे बोलतो ते त्याचं त्यालाही आधी माहीत नसतं.

"मी विचारीन," तो म्हणाला, "घरात वडील आहेत का?"

मॅडमनी पापणी लववली नाही. "काय?"

"वडील, मॅडम. किंवा वडिलांसारखं कोणी. जे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढू देत नाहीत. असतील तर त्यांना प्रेमानं विचारायचं, की काका, सोनेरी कडेला काही लावलंय का. रागावून नाही विचारायचं. त्यांनी चांगल्यासाठीच लावलेलं असतं."

 दाराआड आईचा कोपर थिजला होता. मग पडद्यावर मॅडमचा हात चौकटीबाहेर गेला आणि एसीचा रिमोट घेऊन परत आला. रिमोट पिशवीत होता. पिशवीला रबरबँड होतं. मॅडमनी तो थोडा वेळ नुसता बघितला आणि खाली ठेवला.

"आणि वडील म्हणाले," त्यांनी विचारलं, "की मी काहीच केलेलं नाही, तर?"

"तर फोन आईला द्यायला सांगीन."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. बुडबुड्यामुळे त्या हसल्या की त्यांचा गाल नुसताच हलला, हे सांगता येत नव्हतं. "सोमवारपासून प्रशिक्षण," त्या म्हणाल्या. "हेडफोन आम्ही देतो." आणि पडदा, कोणाचाही अंगठा न लागता, आपोआप मोकळा झाला.

दार उघडून सगळे आत आले. आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. ताईनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाली, "राजे, दिवा लागला म्हणायचा. झिरोचा का होईना."  बाबा खाली वाकून टेबलाखाली बघत होते.

"बाबा," धाकट्यानं विचारलं, "ते बटणावरचं झाकण तुमचं?"

"हो. दुसऱ्या वेळी बंद पडला ना, तेव्हाच लावलं," बाबा वाकूनच म्हणाले. "रॅमचं मला कळत नाही. पण बटण ढिलं आहे, ते दिसलं. कोणाचा तरी पाय लागत असणार."

धाकट्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "असणार," तो म्हणाला.

बाबा उभे राहिले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि ती नजर नेमकी कसली होती, हे सोलून बघायची हिंमत धाकट्याला झाली नाही. आई काचेच्या कपाटापाशी गेली होती. तिनं किल्ली लावली, संचातला एक कप बाहेर काढला, उजेडात धरला, पदरानं पुसला, आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"आधी पगार होऊ दे," ती म्हणाली, आणि कान तुटलेल्या कपांत चहा ओतायला गेली.

"सोमवारपासून लगेच?" बाबांनी विचारलं.

"लगेच."

"नवीन आहे," बाबा म्हणाले. "जरा जपून वापर."